‘इव्हेंच्युअली’ म्हणजे नेमके केव्हा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, मराठी रंगभूमी आणि शिवकालीन दुर्ग अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत बसून आम्ही एका इंग्रजी क्रियाविशेषणावर बोलणार आहोत, हे ऐकून काही मंडळींनी घड्याळाकडे पाहिले असल्यास त्यांचा राग येत नाही. आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. आमची विद्या बी. ए. पर्यंतची आणि आयुष्याचा मोठा भाग केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत मसुदे लिहिण्यात व दुसऱ्यांचे मसुदे खोडण्यात गेलेला. परंतु त्या खाडाखोडीत एक गोष्ट ध्यानी आली. कागदावरील नाम आणि क्रियापद सर्वजण वाचतात; क्रियाविशेषणाकडे कोणी पाहत नाही, आणि वाचणाऱ्याचे नशीब पुष्कळदा त्यातच दडलेले असते.

‘इव्हेंच्युअली’ हा असा एक शब्द. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘शेवटी’, ‘अखेर’ असा मिळतो, आणि तो चूक आहे असे म्हणता येत नाही. तरीही त्यावर विसंबून राहिल्यास काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. आपल्या परिचयातील एका वृद्ध भगिनीला पतीच्या निधनानंतर एका कचेरीकडून थकबाकी यावयाची होती. दोन-तीन स्मरणपत्रांनंतर इंग्रजीत उत्तर आले: आपली मागणी ‘इव्हेंच्युअली’ निकाली काढण्यात येईल. घरातल्या नातवाने मराठीत अर्थ सांगितला, ‘आजी, तुझे पैसे शेवटी मिळणार आहेत.’ आजींनी तो कागद घडी करून आमच्याकडे आणला आणि विचारले, ‘भाऊ, माझा नंबर सगळ्यांच्या शेवटी का लावला? आमच्या ह्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं?’

नातवाने शब्दाचा अर्थ चुकविला नव्हता. आजींनीही मराठी चुकविले नव्हते. मराठीत ‘शेवटी’ म्हणजे रांगेच्या शेवटीही होते आणि काळाच्या ओघात पुढे केव्हातरी असेही होते. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ला रांग ठाऊकच नाही. त्याला एवढेच ठाऊक आहे की वाटेत बऱ्याच गोष्टी घडतील, बराच वेळ जाईल, आणि त्यातून ही गोष्ट निष्पन्न होईल. किती वेळ जाईल ते तो सांगत नाही. आजींना आम्ही समजावून सांगितले की नंबर शेवटचा नाही. फक्त तारीख दिलेली नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग ते आणखीच वाईट.’ या शब्दाची इतकी नेमकी समीक्षा आम्ही अन्यत्र ऐकलेली नाही. पैसे त्यांना मिळाले. पत्रानंतर चौदा महिन्यांनी.

‘निष्पन्न’ हा शब्द आम्ही वर सहज वापरला नाही. ‘इव्हेंट’ हा शब्द लॅटिनमधून आला. तेथे ‘ए’ म्हणजे बाहेर आणि ‘व्हेनिरे’ म्हणजे येणे; जे बाहेर येते, जे फलित म्हणून हाती लागते, ते ‘इव्हेंट’. आपल्याकडील ‘निष्पन्न’ची घडण हुबेहूब अशीच आहे: ‘निस्’ म्हणजे बाहेर आणि ‘पद्’ म्हणजे जाणे. आजकाल समारंभालाच ‘इव्हेंट’ म्हणण्याची पद्धत पडली असून आपला सुवर्णमहोत्सवही त्यातून सुटलेला नाही. पण मुळात तो शब्द मांडवाचा नसून फळाचा आहे. म्हणून ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे ‘निष्पत्तीच्या वेळी’. आणि निष्पत्तीची वेळ आधी कोणास ठाऊक असते?

येथेच या शब्दाच्या घराण्यातील एक गंमत सांगितली पाहिजे. फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये याची सख्खी भावंडे आहेत, दिसायलाही सारखीच; पण त्यांचा अर्थ ‘कदाचित’, ‘प्रसंग पडल्यास’ असा आहे. पोर्तुगीजमध्येही तसेच, त्यामुळे गोव्यातील ज्या जुन्या मंडळींचे शिक्षण १९६१ पूर्वी पोर्तुगीजमधून झाले त्यांच्या कानाला या शब्दाचा सूर निराळाच लागत असणार. इंग्रज म्हणतो, मी ‘इव्हेंच्युअली’ येईन, तेव्हा तो उशिरा का होईना पण येणार असतो. जर्मन गृहस्थ आपल्या भाषेत तोच शब्द उच्चारतो तेव्हा तो येईल किंवा येणारही नाही. अनुवादाच्या पुस्तकांत अशा शब्दांना ‘फसवे मित्र’ म्हणतात. इंग्रजीतही एके काळी ‘एखादी अनिश्चित गोष्ट घडली तर’ असा अर्थ या शब्दाला होता. तो पुढे झिजून गेला आणि संशयाच्या जागी निश्चय आला. आमचा सरकारी अनुभव मात्र असा की तो जुना संशय पुरता गेलेला नाही. शब्द इंग्रजांचा वापरावयाचा आणि अर्थ जर्मनांचा मनात ठेवावयाचा, ही कला कचेऱ्यांत चांगली अवगत आहे.

आता त्याचे शेजारी पाहू. ‘फायनली’, ‘अ‍ॅट लास्ट’, ‘लास्टली’, ‘अल्टिमेटली’ या चौघांनाही आपण एकाच ‘शेवटी’च्या खोलीत कोंबतो.

‘लास्टली’ सर्वांत सरळ. यादीतील शेवटचा मुद्दा मांडताना तो येतो, आणि अन्यत्र कोठे येत नाही. ‘अ‍ॅट लास्ट’ दिसायला त्याच्यासारखा, पण त्याच्या पोटात सुटकेचा निःश्वास आहे. आभारप्रदर्शन करणारे अनेक वक्ते इंग्रजीत ‘अ‍ॅट लास्ट, आय थँक द प्रेसिडेंट’ असे म्हणतात. त्याचा खरा अर्थ, ‘हुश्श! एकदाचे अध्यक्षांचे आभार मानण्याची वेळ आली’ असा होतो. श्रोत्यांची भावना तीच असल्यामुळे ही चूक आजवर कोणी दुरुस्त केलेली नाही.

‘फायनली’ तीन कामे करतो. यादीचा शेवट करतो. दीर्घ प्रतीक्षेचा शेवट करतो. आणि ‘कायमचा, पुन्हा न उघडण्यासाठी’ असा शिक्कामोर्तबही करतो. अर्ज ‘फायनली’ नामंजूर झाला याचा अर्थ आता दार बंद. ‘इव्हेंच्युअली’ नामंजूर झाला म्हणजे बऱ्याच फेऱ्यांनंतर नामंजूर झाला. दार बंद झाले की नाही, ते वेगळे विचारावे लागेल. एखाद्या अपिलाची मुदत चालू असताना हा फरक किती मोलाचा आहे हे वकिलांना सांगावयास नको. आणखी एक भेद असा की ‘फायनली’ वाट पाहणाऱ्याच्या तोंडचा आहे. थांब्यावर उभा असलेला माणूस बस दिसताच म्हणतो, ‘फायनली आली.’ त्याच संध्याकाळी घरी बसून हकिकत सांगणारा म्हणतो, ‘बस इव्हेंच्युअली आली.’ पहिल्याच्या शब्दात पायांची कळ आहे; दुसऱ्याच्या शब्दात ती शमलेली आहे. भविष्याकडे तोंड करून मात्र ‘इव्हेंच्युअली’च चालतो, आणि तेथेच तो धोक्याचा होतो, कारण त्या वेळी बस अजून आलेली नसते.

‘अल्टिमेटली’चे काळाशी नाते सैल आहे. लॅटिन ‘उल्तिमुस’ म्हणजे सर्वांत पलीकडचा. ‘या खर्चाला अल्टिमेटली विभागप्रमुख जबाबदार आहे’ असे लिहिले तर तो आज, या क्षणी, सर्वांत वरचा जबाबदार आहे. त्याच वाक्यात ‘इव्हेंच्युअली’ घातला तर तो आज मोकळा आहे, पुढे केव्हातरी जबाबदार ठरेल. एका शब्दाने माणूस सुटतो किंवा अडकतो. या अर्थाचा आपला शब्द मात्र ‘शेवटी’च, आणि तो येथे चपखल बसतो: ‘शेवटी तो आपलाच मुलगा’, ‘शेवटी घर ते घर’. यात कोणताही शेवट झालेला नाही; सगळी साले काढल्यावर उरलेला गाभा तेवढा दाखविला आहे.

येथे आम्हांला आपल्या मराठीविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘फायनली’ला मराठी शब्द नाही, असे आमच्या घरातील तरुण मंडळी म्हणतात, आणि ‘फायनली आम्ही फ्लॅट घेतला’ असे बोलतात. शब्द आहे, आणि इंग्रजीहून सरस आहे. ‘एकदाचा’. ‘एकदाचा पाऊस आला’, ‘एकदाची गाडी सुटली’, ‘एकदाचे लग्न पार पडले’. या शब्दाचे वैशिष्ट्य असे की काम क्रियाविशेषणाचे करतो, पण नामाप्रमाणे लिंगवचनही बदलतो. पाऊस, गाडी, लग्न, ज्याची वाट पाहिली त्याच्या गळ्यातच तो जाऊन पडतो. इतकी माया इंग्रजीच्या पाचांपैकी एकातही नाही.

‘अखेर’ मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि दप्तरात रुळला. येथील हिंदीभाषक शेजाऱ्यांचा ‘आखिरकार’ त्याचाच भाऊ. पण आपण त्याला हिशेबाच्या वहीतही घेतले: ‘वर्षअखेर’, ‘मार्चअखेर’. सरकारी नोकराला ‘मार्चअखेर’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, ती संदिग्ध ‘अखेर’ नव्हे, एकतीस तारखेची रात्र आहे. ‘निदान’चे तर नवलच. आज त्याचा अर्थ ‘कमीत कमी’. वैद्यांच्या लेखी तो रोगाचे मूळ. ‘माधवनिदान’ हा ग्रंथ त्यावरच आहे. आणि जुन्या मराठीत तो ‘शेवट’, ‘परिणाम’ याही अर्थाने येई. मूळ, शेवट आणि कमीत कमी, तिन्ही टोके एका शब्दाने धरलेली.

आणि ‘इव्हेंच्युअली’ला मराठी काय? एक शब्द नाही, पुष्कळ आहेत. म्हणूनच कोश ‘शेवटी’वर भागवतो. झालेल्या गोष्टीबद्दल ‘होता होता’, ‘सरतेशेवटी’. होणाऱ्या गोष्टीबद्दल ‘आज ना उद्या’, ‘कधी ना कधी’, ‘कालांतराने’, ‘पुढेमागे’. यांत भरवशाचे प्रमाण निरनिराळे आहे. ‘आज ना उद्या’ म्हणणाऱ्याला खात्री असते. ‘पुढेमागे’ म्हणणाऱ्याला ती नसते. तो शब्दच एक पाऊल पुढे टाकतो आणि दुसरे मागे. कचेरीचा लाडका शब्द ‘यथावकाश’. तोही सुंदर आहे, पण अवकाश कोणाचा, अर्जदाराचा की कचेरीचा, हे तो सांगत नाही. ‘यथासमय’ त्या मानाने प्रामाणिक. निदान समय नावाची काही वस्तू आहे एवढे तरी मान्य करतो.

हा सगळा शब्दांचा खेळ आहे असे कोणास वाटत असेल तर त्यांनी आपल्या देशाच्या इतिहासाचीच तीस वर्षे पाहावीत. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली आणि स्वराज्याची मागणी घरोघरी नेली. महायुद्ध चालू होते. उत्तर देणे इंग्रज सरकारला भाग होते. मंत्रिमंडळापुढे आलेल्या मसुद्यात ‘अल्टिमेट’ स्वशासन अशी शब्दयोजना होती, म्हणजे अंतिमतः, सर्वांत पलीकडच्या टोकाला. तीवर खल झाला. लॉर्ड कर्झन यांची लेखणी फिरली, आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटात जी घोषणा केली तीत स्वशासनाऐवजी जबाबदार राज्यपद्धती आली, तीही क्रमाक्रमाने साकार होणारी. प्रत्येक पावलाची वेळ आणि मात्रा ठरविण्याचा अधिकार इंग्रज सरकारने व हिंदुस्थान सरकारने स्वतःकडे ठेवला. मसुदा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही उत्तम कारागिरी आहे. सर्व काही देऊ केले, फक्त दिवस सांगितला नाही.

३१ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी वसाहतीच्या स्वराज्याचे नाव घेतले. पुन्हा तारीख नाही. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचे ध्येय जाहीर केले आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस त्यासाठी मुक्रर केला. क्रियाविशेषणाला तारखेने दिलेले ते उत्तर होते, असे आम्हांला वाटते. २० फेब्रुवारी १९४७ रोजी पंतप्रधान अ‍ॅटली यांनी प्रथमच मुदत सांगितली: जून १९४८ पूर्वी. मुदत उच्चारल्यावर गोष्ट पुढे ढकलली गेली नाही, उलट दहा महिने अलीकडे आली.

तारखेची आम्ही फार स्तुती करतो असे समजू नये. त्या अलीकडे ओढलेल्या तारखेच्या घाईत रॅडक्लिफ यांचा सीमानिवाडा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी; पंजाब आणि बंगालमधील लक्षावधी माणसांना आपण कोणत्या देशात आहोत हे १५ ऑगस्टला ठाऊक नव्हते. आणि तारखा टळतातही. आपल्या संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याच्या प्रयत्नासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. २००२ मध्ये शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. ३४३ व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजात इंग्रजीला पंधरा वर्षे दिली होती. १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने ती पुढेही चालू राहण्याची सोय केली. ती सोय झाली नसती तर आम्ही आज या क्रियाविशेषणावर बोलण्यास उभे राहिलो नसतो. पण मुदत टळली तरी एक हक्क माणसाच्या हाती राहतो. १९६० साली कोणीही नागरिक उभा राहून म्हणू शकत होता की दहा वर्षे भरली. ‘इव्हेंच्युअली’ लिहिले असते तर तो आजही काही म्हणू शकला नसता, कारण तो शब्द कधी खोटा ठरतच नाही. त्या आजींना हेच कळले होते.

आम्ही हाताखालच्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगत आलो की बाहेर जाणाऱ्या पत्रात हा शब्द आला तर आधी त्याच्या जागी महिना लिहून पाहा. महिना लिहिता आला तर शब्द काढून टाका. लिहिता आला नाही तर का आला नाही, हे एका वाक्यात अर्जदाराला कळवा. झालेल्या घटनेचे वर्णन करताना तो खुशाल वापरा. भूतकाळात तो निरुपद्रवी आहे आणि सुबकही आहे.

आता थोडे घरचे. मंडळाच्या पहिल्या काही वर्षांच्या सभावृत्तांतांचा इंग्रजी गोषवारा, मराठी वाचू न शकणाऱ्या आपल्या नातवंडांसाठी, या वर्षी तयार होत आहे. ते काम आमच्याकडे आले आहे. त्या जुन्या वहीत ‘पुढेमागे’ हा शब्द वारंवार येतो. एके ठिकाणी लिहिले आहे की मंडळाने पुढेमागे स्वतःची वास्तू उभारावी. तेथे आम्ही निःशंकपणे ‘इव्हेंच्युअली’ लिहिले. त्या वास्तूत बसूनच आपण हे ऐकत आहात, तेव्हा तो शब्द आता खरा झाला आहे.

दुसऱ्या एका सभेत ग्रंथालयासाठी मोठे कपाट घ्यावे की लहान, यावर चर्चा झाली आहे. एका सभासदांनी लहान कपाटाचा आग्रह धरला. कारण नोंदले आहे ते असे की आपण सर्वजण नोकरीनिमित्त येथे आलो असून पुढेमागे महाराष्ट्रात परत जाणार आहोत, तेव्हा जड सामान वाढवू नये. ठराव संमत झाला आणि लहान कपाट आले. आज ग्रंथालयात अकरा कपाटे आहेत, आणि त्या सभेला हजर असलेल्यांपैकी बहुतेकांचे शेवटचे दिवस याच शहरात गेले. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी थांबले, कोणी घराच्या हप्त्यांसाठी, कोणी निव्वळ सवयीने. ‘इव्हेंच्युअली’ लिहिले तर इंग्रजी वाचणारा समजेल की ते गेले. ‘फायनली’ तर लिहिताच येत नाही. विचार करता करता आम्हांला जर्मनांचा तो जुना अर्थ आठवला, आणि आम्ही तेथे ‘सम डे, परहॅप्स’ असे घातले.

गोषवारा समितीपुढे गेला तेव्हा दोन ज्येष्ठ सभासदांनी त्या ‘परहॅप्स’ला हरकत घेतली. दोघेही ऐंशीच्या पुढचे, दोघांचेही गावाकडील घर अद्याप विकलेले नाही. तो शब्द खोडावा, अशी त्यांची लेखी सूचना आली आहे. ती समितीच्या विचाराधीन आहे.